शेजारणीचे गुडघे

एका गावात एक चर्च होतं, लहानसंच, आणि त्याची घंटा वाजवणारा एक माणूस होता. नाव काहीतरी असेल की त्यालाही, पण सगळं गाव त्याला घंटावालाच म्हणायचं आणि तोही त्याच नावाला ओ द्यायचा.

त्या गावाची एक रीत होती. कोणी दुखण्यातून उठलं, की पहिल्याच रविवारी त्याने आपल्या पायांनी चालत चर्चला यायचं. मग त्याच्या नावाने उपकाराची घंटा वाजायची. मयताची घंटा कशी, संथ, एकेक टोला. उपकाराची तशी नाही. ती चांगली दणदणीत, भरभर वाजवायची, म्हणजे शेतातल्या माणसालाही कळावं की गावात कोणीतरी बरं झालंय. घंटा थांबली की त्या माणसाने उभं राहून देवाचे आभार मानायचे. लांबण लावायची नाही, एकाच वाक्यात आटपायचं. ही रीत कोणी घातली देव जाणे, पण शहाण्या माणसाने घातली असणार.

तर काय झालं, या घंटावाल्याची बायको तापाने पडली. ताप उतरला, पण जाताना तिचं बोलणं घेऊन गेला. भिंतीकडे तोंड करून ती जी निजली, ती निजलीच. हाक मारली तरी बघेना. पेज भरवली तर दोन घोट घ्यायची, की दातखीळ. वैद्यबुवा आले, नाडी बघून म्हणाले, "अंगात आता रोग नाही. पण मन कुठे गेलंय ते मला सापडत नाही. घरात शांतता ठेवा. आणि हे बघ, तुला खोटं कशाला सांगू, अशीच राहिली तर ही नाताळ काही बघत नाही."

घंटावाल्याच्या पायाखालची जमीनच सरकली. मग शांतता म्हणजे किती शांतता! त्याने कोंबड्या भावाकडे पाठवून दिल्या. बादलीखाली पोतं घातलं. चर्चची मंडळी घरी प्रार्थनेला यायची ती चपला रस्त्यावर काढून, चवड्यांवर चालत. गीतसुद्धा ओठातल्या ओठात म्हणायची. सगळं गाव त्या एका बाईसाठी गुडघे टेकून बसलं होतं.

आणि बरी कोण झाली? शेजारीण!

ही शेजारीण म्हणजे आक्का. एकटी विधवा बाई. गुडघे धरलेले, वर्षानुवर्षं खाटेवर. तोंडाचा पट्टा मात्र ठणठणीत. सुरुवातीला मंडळीने तिच्यासाठीही प्रार्थना केली होती, नाही असं नाही. पण प्रार्थनेला आलेल्यांच्या धोतराला, लुगड्याला, गळ्याला, सगळ्याला ती नावं ठेवायची. शेवटी लोक कंटाळले आणि हळूहळू तिला विसरलेच. तिच्याशी रोज बोलणारं माणूस एकच उरलं होतं, ते म्हणजे घंटावाल्याची बायको. आता बोलणं कसलं, भांडणच ते. दोन घरांच्या मध्ये एक कढीपत्त्याचं झाड होतं. ते कोणाचं, यावरून दोघी आपापल्या खिडकीतून रोज सकाळी जुंपायच्या.

तर एके दिवशी मांजराने आक्काच्या दुधात तोंड घातलं. आक्का "हाड मेल्या!" म्हणत उठली आणि त्याला पार अंगणाच्या टोकापर्यंत हाकलून आली. तिथे गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की अगं बाई, आपण उभ्या आहोत.

गाव थक्क झालं. घंटावाला मात्र पुरता चक्रावला. तडक गेला तो चर्चच्या पाळकबाबांकडे.

"बाबा, प्रार्थना आमच्या घरची आणि गुण शेजारच्या घरी? देवाचा पत्ता चुकला का हो?"

पाळकबाबांनी दाढी खाजवली. म्हणाले, "मलाही कळत नाही रे."

"तुम्हालाही? मग आम्ही कोणाला विचारायचं?"

"मी विचारतोय की रोज," पाळकबाबा म्हणाले. "उत्तर आलं तर तुला सांगेनच. पण मला कळत नाही म्हणून आक्काची घंटा थांबवता येणार नाही. रविवारी वाजव."

रविवारी आक्का काठीसुद्धा न घेता चालत आली. घंटावाल्याने दोर धरला. वाजवावी तर मन तयार नाही, न वाजवावी तर रीत मोडते. आपलं माणूस घरात विझत चाललंय, आणि आपण कोणाच्या गुडघ्यांसाठी आनंद करायचा? त्याला राग येत होता, आणि रागाची लाजही वाटत होती. देवाचा राग, की आक्काचा, की स्वतःचा, तेही कळेना. शेवटी त्याने घंटा वाजवली खरी, पण ती वाजली मरगळलेली. एक टोला, मग दम, मग दुसरा टोला.

आक्का आभार मानायला उभी राहिली. "मी मागितलं नव्हतं, तरी दिलंस. बरं," एवढंच म्हणाली आणि खाली बसली. तीही बिचारी गोंधळलीच होती.

दुपारी घंटावाला बायकोपाशी बसला होता, तेवढ्यात दार दणदणलं.

"ए घंटावाल्या! बाहेर ये आधी!"

आक्का! तो धावतच दारात गेला आणि तोंडावर बोट ठेवून म्हणाला, "आक्का, हळू. घरात आजारी माणूस आहे."

"आजारी माणूस मला ठाऊक आहे. तू मला सांग, ती काय घंटा होती? मी मेल्यावर वाजवायची ती आजच वाजवून टाकलीस होय रे? इतक्या वर्षांनी पाय फुटले मला, आणि तू टोले मोजतोस?"

घंटावाल्याचं डोकं फिरलं. हिला गुण काय आला, ही आता दारात येऊन तमाशा करणार! दार हिच्या तोंडावर लावून आतून अडसर घालावा म्हणून त्याने दाराला हात घातला, आणि सहज मागे वळून बघितलं.

बायकोचं तोंड भिंतीकडे नव्हतं. दाराकडे होतं.

त्याचा हात तिथेच थांबला. आता ही वळली ती घाबरून, की बरं वाटून? वैद्यबुवांनी शांतता सांगितलेली. या बाईला आत घेतलं आणि काही वाईट झालं तर जन्मभर स्वतःला माफ करता येणार नाही. आणि नाही घेतलं तर? मग पुन्हा ती भिंत होतीच. "प्रभू, मला काही म्हणजे काही कळत नाही," तो पुटपुटला. मग दारावरचा हात काढून म्हणाला, "या आक्का, आत या. पाणी घ्या."

आक्का आत आली ती थेट चुलीपाशी.

"अगं बाई, ही चूल म्हणायची? हिच्यात कोंबडीसुद्धा अंडं घालणार नाही. आणि डबे कोणी लावलेत असे? काय गं ए घंटावाली, सगळी लाज सोडलीस की काय? आणि तो कढीपत्ता माझा आहे बरं का. आता पाय आलेत मला. सगळा ओरबाडून नेईन."

बायको बोलली नाही. पण आक्का घरभर जिकडे गेली, तिकडे तिची नजर गेली. त्या संध्याकाळी तिने पेज वाटीभर घेतली.

मग आक्का रोजच यायला लागली. यायची, उणीदुणी काढायची, घर झाडायची, दोन भाकरी थापायची आणि त्या भाकऱ्यांपेक्षा घंटावालीच्या भाकऱ्या कशा वातड असायच्या ते सांगत बसायची. मंडळीतल्या लोकांनी घंटावाल्याला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, तुला काही वेडबिड लागलंय का? आजारी बाईला शिव्या ऐकवतोस?" तो म्हणायचा, "लागलं असेल." दुसरं काय सांगणार? त्यालाच काही उमगत नव्हतं.

एकदा त्याने आक्कालाच विचारलं, "आक्का, तुमचं तर हिच्याशी साता जन्मांचं वैर. मग रोज येता का?"

आक्का भाकरी परतत होती, ती थांबली. म्हणाली, "वैर? अरे, मी खाटेवर पडले होते तेव्हा माझ्याकडे यायचं कोण? सगळे दमले. ही एकटी रोज सकाळी खिडकीत उभी राहायची आणि माझ्याशी भांडायची. तेवढ्यासाठी मी उठून बसायचे, वेणी घालायचे. ही गप्प झाली, तसं माझंही घर गप्प झालं. फार वाईट गेले रे ते दिवस." मग लगेच डाफरली, "बघतोस काय तोंडाकडे? लाकूड सार आत!"

आणि एक दिवस आक्काने आमटी केली. चाखून बघत मोठ्याने म्हणाली, "याला म्हणतात आमटी! नाहीतर हिची. भांडी विसळलेलं पाणी बरं. आमटीत गूळ घालायचा असतो हे हिला कधी माहीतच नव्हतं."

खाटेवरून घोगरा आवाज आला.

"घालते."

घंटावाल्याच्या हातातलं लाकूड गळून पडलं.

"काय म्हणालीस?" आक्काने वळूनही बघितलं नाही.

"गूळ. घालते मी."

"खोटं!"

"घालते म्हणते ना! आणि कढीपत्ता आमचाच आहे!"

"मग ऊठ की, आणि करून दाखव," आक्का म्हणाली. मग घंटावाल्यावर ओरडली, "अरे खांबासारखा उभा काय राहिलास? पाणी दे तिला, घसा कोरडा पडलाय!"

नाताळच्या आधीच्या रविवारी घंटावाल्याची बायको आक्काचा हात धरून चर्चला आली. आक्काचं म्हणणं मी हिला धरलंय, हिचं म्हणणं मी आक्काला धरलंय. वाद चर्चच्या पायरीपर्यंत चालला होता. घंटावाल्याने दोर ओढला, आणि अशी घंटा वाजली की शेतातले लोक विळे टाकून धावत आले.

घंटा थांबली. बायको उभी राहिली. सगळ्या मंडळीने कान टवकारले. आता ही काय म्हणते? मंडळीच्या प्रार्थनांबद्दल आभार मानेल, की आपल्या आवाजाबद्दल?

तिने हात जोडले. "प्रभू, शेजारणीच्या गुडघ्यांबद्दल तुझे उपकार," ती म्हणाली आणि खाली बसली.

मंडळी खो खो हसायला लागली. पाळकबाबांनी दाढी खाजवली, आणि मग तेही हसले. घंटावाल्याला मात्र हसू आलं नाही, रडू फुटलं. तो उठला, पुन्हा दोरापाशी गेला आणि रीत सोडून दुसऱ्यांदा घंटा वाजवायला लागला.

"आता ही कोणासाठी रे?" पाळकबाबांनी विचारलं.

"आक्कांची राहिली होती, बाबा," तो म्हणाला.

आक्का कान देऊन ऐकत होती. सगळी घंटा संपल्यावर तिने मान हलवली. "हं. आता कशी वाजली!"

तात्पर्य: आपण मागितलेली कृपा शेजारच्या घरी उतरली, तर आपलं दार लावून घेऊ नये; ती तिथून आपल्याकडेच यायला निघाली असेल. आणि नसली निघाली, तरी शेजाऱ्याची घंटा जोरातच वाजवावी.