सदर म्हणजे कोण?

"आणखी काय हवंय तुम्हाला?" निनाद राजाध्यक्षने रिपोर्ट टेबलावर आपटला. "पुन्हा परत पाठवलात, बाई!"

वझेबाईंनी तो उचलून परत त्याच्यापुढे सरकवला.

एमआयडीसीतल्या त्या रसायनांच्या कारखान्यात नव्या अधिकाऱ्यांना रिपोर्ट लिहायला बाईच शिकवत. निनाद त्यांचा सगळ्यांत हुशार शिष्य. आणि हे त्याला चांगलंच ठाऊक होतं.

सोमवारी ॲसिडच्या पाइपवरचा वॉल्व्ह फुटला होता. संचालकांनी कळवलं होतं, "छापील नमुना नको. काय झालं ते साध्या शब्दांत पानभर लिहा."

निनादने लिहिलं होतं. कडक इस्त्रीच्या भाषेत.

"एक चूक दाखवा यात," तो म्हणाला.

बाईंनी पर्स उचलली. "चल."

"कुठे?"

बाई जिना उतरू लागल्या होत्या.

इस्पितळात त्या वॉल्व्हजवळ काम करणारा काशिनाथ भोईर पडून होता. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले. बायको त्याला चमच्याने पेज भरवत होती.

"काशिनाथ, सोमवारी जे झालं त्याचा रिपोर्ट यांनी लिहिलाय," बाई म्हणाल्या. "तुम्ही ऐका. निनाद, वाच."

निनादचे कान तापले. चारचौघांत ही परीक्षा! त्याने कागद उघडला आणि मुद्दाम खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"तांत्रिक बिघाडामुळे अल्प प्रमाणात गळती होऊन सदर कर्मचाऱ्यास किरकोळ स्वरूपाची इजा झाली. परिस्थिती नियंत्रणात..."

बायकोच्या हातातला चमचा थांबला.

"साहेब," काशिनाथने विचारलं, "सदर म्हणजे कोण?"

"तुम्ही," निनाद म्हणाला. आवाजातली खणखण गेली होती.

"असं होय." काशिनाथने मान हलवली. "शेजारच्या टाकीचा वॉल्व्हपण तसाच गळतोय, साहेब. तिथं सुदाम असतो. त्याचं काही लिहिलंय का?"

निनादने कागदाकडे पाहिलं.

सुदामचं काही लिहिलं नव्हतं.

तो तडक बाहेर व्हरांड्यात आला. बाई मागोमाग आल्या.

"तुम्हाला काय वाटलं, मला माहीत नाही?" तो ओरडला. एका नर्सने वळून पाहिलं. "महिनाभर गळत होता तो वॉल्व्ह! भोईरने सांगितलं, मी सांगितलं. आपले मॅनेजर बर्वेसाहेब म्हणाले, आधी माल जाऊ दे, मग बघू. माणसाचे हात भाजले, बाई! दुसरा वॉल्व्ह अजून तसाच आहे आणि त्याच्याखाली रोज एक माणूस उभा राहतोय!"

"झाला तुझा रिपोर्ट," बाई म्हणाल्या.

"काय झाला?"

"आत्ता बोललास तो. त्यातला शब्दही बदलू नकोस."

"बर्वेसाहेबांच्या नावासकट?"

"नावासकट."

"वेड लागलंय तुम्हाला!" निनादचा आवाज चिरकला. "साध्या शब्दांत लिहा म्हणतात, पण असं वाचून संचालक भडकतील!"

बाईंनी त्याच्या हातातला कागद घेतला, शांतपणे फाडला आणि आपलं पेन त्याच्यापुढे धरलं.

"भडकायला आधी वाचावं लागतं."