तिमाण्णाचं तळं

फार वर्षांपूर्वी, नेमकं कधी ते मला विचारू नका, प्रत्येक जण वेगळंच सांगतो, खडकेवाडीला प्यायला पाणी नव्हतं. बायका भर उन्हात लांबच्या ओढ्यावर जायच्या. तेव्हा तिमाण्णा नावाचा दगड फोडणारा गावात आला. म्हणाला, "तळं खणतो. पाणी लागल्याबिगार वर येत न्हाई."

तो एकटाच खाली उतरला. त्याच्या एका घावात हत्तीएवढा दगड फुटायचा, असं म्हणतात. चारी बाजूंनी त्याने पायऱ्या घडवल्या, तळ सपाट केला. पाणी मात्र थेंबभरही लागलं नाही. गाव वरून भाकरी सोडायचं, तो खणत राहायचा.

मग कोल्हापूरहून कोणीतरी फुटबॉल आणला आणि पहिल्याच दिवशी तो तळ्यात पडला. तो आणायला उतरलेली तरणी पोरं तिथेच खेळत राहिली. गाव पायऱ्यांवर बसून बघू लागलं.

तिमाण्णा ओरडला, "लेकानो, हे तळं हाय, मैदान न्हवं!"

"मग पाणी कुठं हाय, तिमाण्णा?" पोरांनी विचारलं.

तिमाण्णाने कुदळ उचलली. तो एका कोपऱ्यात खणू लागला, उरलेल्या तळ्यात सामने होऊ लागले. म्हणून तर त्या तळ्याचं जे आपलं स्टेडियम झालं, त्याचा एक कोपरा गुडघाभर खोल आहे आणि तिथून कॉर्नर मारताना पाहुण्या संघाची फजिती होते.

एका सामन्यात तिमाण्णा एकदम मधोमध धावत आला, जमिनीला कान लावला आणि आनंदाने रडू लागला. "गप बसा! पाणी वाजतंय! कुठनं येतंय ते ऐकू द्या!" नेमका तेव्हाच गोल झाला. गावाने असा जल्लोष केला की डोंगरावरची पाखरं उडाली. गलका थांबला, तर तिमाण्णा कुठेच नव्हता. पायऱ्या चढताना त्याला कोणी पाहिलं नाही. पाण्यामागे जमिनीत गेला, असं म्हणतात. गावावर रुसून गेला, असंही म्हणतात. मला दोन्ही खरं वाटतं, आणि फार वाईट वाटतं.

आजही मध्यंतराची शिट्टी झाली की सगळं स्टेडियम चिडीचूप होतं. दोन्ही गोलकीपर मधोमध पालथे पडून जमिनीला कान लावतात. पाणी लागलं तर खेळ कायमचा बंद, हे तिमाण्णाच्या नावाने ठरलेलं आहे. त्यामुळे त्या वेळी देवाकडे काय मागावं, ते गावाला कळत नाही. गोलकीपर उठतात, 'नाही' म्हणून मान हलवतात आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. रिकाम्या घागरी घेऊन पायऱ्यांवर बसलेल्या बायकाही टाळ्या वाजवतात, आणि मग एकमेकींकडे बघत राहतात.