पाट्यानं विचारलं, "वाटलं का गं?"

एकदा काय झालं, एका पाट्याला वाचा फुटली.

पाटा म्हणजे तुमची लिहायची पाटी नव्हे गं ठमे. मसाला वाटायचा दगडी पाटा. त्याच्यावर वरवंटा फिरवायचा, घर्रर्र घर्रर्र. आता तुमच्या घरी ते मिक्सर आलं, त्यामुळे मला एकेक गोष्ट फोडून सांगावी लागते. असो. पाय आत घ्या आधी, मग पुढचं सांगते.

तर डोंगराच्या पायथ्याशी एक धनगरवाडी होती. आठ-दहा घरं, एक विहीर आणि बिरोबाचं देऊळ. त्या वाडीत म्हाळोजी नावाचा म्हातारा राहायचा. त्याची बायको साळूबाई. मुलगा बिरा, सून हौसा आणि दोन चिल्लीपिल्ली नातवंडं. हौसा सासूला आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्याला मामंजी. तेव्हा तसंच म्हणायचे.

साळूबाईच्या हातचं मटण म्हणजे काय सांगू तुम्हाला! बाजाराच्या दिवशी बिरा कोवळ्या कोकराचं मटण आणायचा. साळूबाई ते हळद-मीठ लावून चुलीवर चढवायची. पातेल्यावर ताट, ताटात पाणी. मग कांदा भाजायचा, खोबरं भाजायचं, तीळ, धणे, लसूण, आलं, सगळं पाट्यावर घ्यायचं आणि वाटायचं. दुपारपर्यंत वास पार देवळापर्यंत जायचा. देवळातला पुजारी माळकरी होता बरं का, तोसुद्धा त्या दिवशी जरा जास्त वेळ ओट्यावर बसून राहायचा. खायचा नाही हो, नुसता बसायचा.

मग सगळे जेवायला बसायचे. म्हाळोजीच्या ताटात नळी. नळी म्हणजे पोकळ हाड, आत मऊ मऊ मगज. तो काढायचा कसा? म्हाळोजी नळी ताटाच्या काठावर आपटायचा. ठक, ठक, ठक. ते ऐकलं की साळूबाईला कळायचं, जमलंय आज. कारण तोंडानं तो कधी 'छान झालंय' म्हणायचा नाही. तुमचे आजोबा तरी कुठं म्हणायचे?

पण मग साळूबाई आजारी पडली. बाज धरली ती धरलीच. जाताना तिनं हौसेला जवळ बोलावलं. म्हणाली, "हौसे, मटणाला चव मसाल्यानं येत नाही गं. वाटल्यानं येते. नीट वाट. आणि अडलीसच, तर पाट्याला विचार. चाळीस वर्षं माझ्यासंगं आहे तो." एवढं बोलली आणि गेली बिचारी.

घर सुनं झालं. बिरानं आणि हौसेनं आपसांत ठरवलं, मामंजींपुढं आत्याबाईंचं नाव काढायचं नाही. उगाच खपली कशाला काढा? तिचं लुगडं पेटीत गेलं, तिची पानाची चंची खुंटीवरून निघाली. पोरांनाही दटावून ठेवलं. सगळं चांगल्यासाठीच केलं हो. पण मग घरात बोलणंच उरलं नाही. ज्या त्या बोलण्यात साळूबाई यायचीच, मग बोलणार कशाचं?

आणि म्हाळोजीनं जेवण सोडलं. रुसून नाही सोडलं. एक घास घ्यायचा, चघळायचा, आणि ताट सरकवायचा. म्हणायचा, "चव नाही गं तोंडाला." अंगातला सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. वैद्य आला, नाडी धरून बसला. शेवटी बिराला बाहेर नेऊन म्हणाला, "औषध माझ्यापाशी आहे, भूक नाही. बिरोबाच्या जत्रेपर्यंत याच्या पोटात धड अन्न गेलं नाही, तर माझ्या हातात काही नाही."

जत्रा किती लांब? तीन बाजार. हौसेनं आतून सगळं ऐकलं. स्वयंपाक तिच्या हातात, म्हणजे मामंजींचा जीवही तिच्याच हातात की! तिला आत्याबाईंचे शब्द आठवले. वाटल्यानं चव येते. मग ठीक आहे. वाटू.

पहिल्या बाजाराला बिरानं मटण आणलं. हौसा पदर खोचून बसली. तिचं काम फार टापटिपीचं. खोबरं कसं भाजायची? तोंड मिटून, नजर तव्यावर, एकेक कीस बदामी. करपू म्हणून द्यायची नाही. मग सगळं पाट्यावर घेतलं आणि लागली वाटायला. घर्रर्र घर्रर्र. एकदा वाटलं, दोनदा वाटलं, तीनदा वाटलं. लोण्यासारखं वाटण झालं, बोटाला कणीसुद्धा लागेना. हातांना फोड आले. आणि ती वाटण उचलणार, एवढ्यात खालून आवाज आला. जाड, खरखरीत.

"वाटलं का गं?"

हौसा दचकली. मागं कोणी नाही, पुढं कोणी नाही. म्हणजे पाटाच बोलला! मग तिला आत्याबाईंचं बोलणं आठवलं, आणि तिनं धीर करून सांगितलं, "वाटलं की! तीनदा वाटलं."

पाटा म्हणाला, "नाही वाटलं."

काय म्हणावं त्या दगडाला! तरी तिनं रस्सा केला, लालभडक, वर चांगला बोटभर तवंग. मामंजींना वाढलं. त्यांनी एक घास घेतला. नळी ताटात तशीच राहिली. "चव नाही गं तोंडाला." ताट सरकलं.

हौसेनं बिराला सांगितलं, अहो, पाटा बोलतो. बिरा म्हणाला, "मला नाही ऐकू आलं कधी." तुम्ही कधी वाटायला बसलात का, म्हणजे ऐकू येईल, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

मग आठवडा सरत आला. एका सकाळी हौसा विहिरीवर गेली, तर तिथं शेजारची गुणाआजी हातवारे करून भांडत होती. ही गुणाआजी म्हणजे खवट म्हातारी, एकटी राहायची. वाडीत कुणाच्या तरी बाळाचं बारसं झालं होतं. ती ओरडत होती, "सगळ्या वाडीला घुगऱ्या वाटल्या! वरच्या आळीला वाटल्या, खालच्या आळीला वाटल्या, मला तेवढ्या नाही वाटल्या! मी काय मेले होते का?"

हौसेच्या हातातला दोर सुटता सुटता राहिला. अगंबाई! वाटणं म्हणजे हेसुद्धा की! आत्याबाईंना देणं म्हणायचं होतं, आणि मी मेली वरवंटा घासत बसले!

दुसऱ्या बाजाराला तिनं मोठ्या पातेल्यात मटण केलं आणि वाट्या भरून घरोघर निघाली. वरच्या आळीला दिलं, खालच्या आळीला दिलं. गुणाआजीला तर दोन वाट्या दिल्या. पण प्रत्येक दारात उभी राहून विचारायची, "कसं झालंय? आत्याबाईंसारखं झालंय का?" लोक म्हणायचे, हो हो, छान. गुणाआजी भुरका मारून म्हणाली, "झालंय बरं. पण साळूचं नाही."

घरी येते तर पातेल्यात काय उरलं? चार फोडी, एक नळी आणि पाण्यासारखा रस्सा. पोरं कुरकुरली. बिरा भाकरी मोडत राहिला. मामंजींनी दोन घास घेतले, म्हणजे मागच्यापेक्षा एक जास्त, आणि ताट सरकवलं. नळी तशीच.

हौसा पाटा धुवायला बसली. पाट्यानं विचारलं, "वाटलं का गं?"

"अख्ख्या वाडीला वाटलं!"

"अजून नाही वाटलं."

ए दाद्या, हसू नकोस. म्हाताऱ्याच्या जिवावर बेतलं होतं. मामंजी आता भिंत धरूनच उठायचे. भिंत धरून ओसरीवर यायचे आणि दिवसभर डोंगराकडे बघत पडून राहायचे.

आणि आला तिसरा बाजार. जत्रा चार दिवसांवर आली. बिरा मटण देऊन मेंढरांकडे गेला, पोरं खेळायला पळाली. घरात कोण? चुलीपुढं हौसा आणि ओसरीवर मामंजी. ताटातलं पाणी तापलं, पातेल्यात मटण रटरटायला लागलं. हौसेनं तवा ठेवला, त्यावर खोबरं टाकलं, आणि तिची नजर पाट्याकडे गेली. तो गप्प. नुसता दगड.

मग मात्र तिचा बांध फुटला.

"काय वाटायचं राहिलंय रे दगडा? हात सोलले माझे वाटून वाटून. गावभर वाटून आले. आणखी काय वाटू? तुला ठाऊक आहे, मला आता काय वाटतंय? मला वाटतंय, आत्याबाई इथं असायला हव्यात. या चुलीपुढं. मला ओरडायला हव्यात. मला एकटं एकटं वाटतंय रे! मला मेलीला रडायचीसुद्धा चोरी झालीय या घरात..."

आणि ती थांबली. आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. तिनं पदर तोंडात धरला. पण उशीर झाला होता. ओसरीवर बाज करकरली. मामंजी उठले. भिंत धरून, दार धरून, एकेक पाऊल टाकत आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले.

"काय म्हणालीस?"

"काही नाही मामंजी."

"नाव घेतलंस ना तिचं?"

हौसेनं मान डोलावली.

"पुन्हा घे," म्हातारा म्हणाला. "किती दिवस झाले, कुणी नावच घेईना तिचं. मला वाटलं, विसरलात सगळे."

"नाही हो मामंजी! तुम्हाला त्रास होईल म्हणून..."

"त्रास तर होतोच आहे की, पोरी. एकट्यालाच होतोय असं वाटत होतं."

हौसेला रडू आवरेना. आणि मग बोलणं जे निघालं! साळूबाई लग्न होऊन आली तेव्हा तिनं कालवणात दोनदा मीठ घातलं होतं, आणि म्हाळोजीनं मुकाट्यानं खाल्लं होतं. एकदा चुकार मेंढरामागं पळता पळता ती थेट परगावच्या वऱ्हाडात शिरली, आणि जेवूनच आली! म्हातारा सांगत होता, हौसा ऐकत होती. मग हौसा सांगायची आणि म्हातारा ऐकायचा. "चुलीपुढं तर तिचं तोंड थांबायचंच नाही," तो म्हणाला. "मी इथं, या उंबऱ्यावर बसायचो, आणि ती तिथं, तुझ्या जागेवर. मला बोलत राहायची, नुसती बोलत राहायची..."

एवढ्यात हौसा किंचाळली, "अगंबाई, खोबरं!"

खोबरं काळपट झालं होतं. धूर निघत होता. जन्मात तिचं खोबरं कधी करपलं नव्हतं, आणि आजच करपलं! आज, शेवटच्या बाजाराला! घरात दुसरं खोबरं नाही. तिनं तवा उचलला, ओतणार होती बाहेर.

"थांब!" म्हातारा ओरडला. त्यानं डोळे मिटले आणि नाकानं मोठा श्वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला. "टाकू नकोस. हाच तो वास."

"मामंजी, करपलंय हो!"

"दर वेळी करपायचं, पोरी! चाळीस वर्षं! बोलण्याच्या नादात दर वेळी करपवायची, आणि वर मलाच म्हणायची, तुमच्यापायी करपलं!" आणि म्हातारा हसायला लागला. डोळ्यांतून पाणी आणि तोंडानं हसू, असं त्याचं चाललं होतं. त्याच्याबरोबर हौसाही हसायला लागली.

मग तिनं ते करपलेलं खोबरं पाट्यावर घेतलं. मामंजी सरकत सरकत जवळ आले. ते एकेक जिन्नस पुढं करायचे, हौसा वरवंटा फिरवायची, आणि दोघांच्या बोलण्यात साळूबाई येतच राहायची. वाटण बारीक झालं की जाडं राहिलं, हौसेला काही कळलं नाही. ती उचलायला गेली, तेवढ्यात पाटा बोलला. या वेळी त्यानं विचारलं नाही. नुसतं म्हणाला, "वाटलं."

दुपारी सगळे जेवायला बसले. मामंजी म्हणाले, गुणालाही बोलवा, ती साळूची मैत्रीण होती. आणि हौसेला म्हणाले, "तूही बस. ज्याचं त्याचं घेतील." गुणाआजीनं भुरका मारला. पुन्हा मारला. आणि ही खवट म्हातारी पदरानं डोळे पुसायला लागली. तिखट लागलं, म्हणाली.

म्हाळोजीनं भाकरी रस्स्यात कुस्करली. एक घास घेतला, दोन घेतले, तीन घेतले. हौसा श्वास रोखून बघत होती. मग त्यानं ताटातली नळी उचलली.

ठक. ठक. ठक.

हौसेनं बिराकडे बघितलं, बिरानं हौसेकडे. आणि म्हातारा, ज्यानं जन्मात कधी तोंडानं म्हटलं नव्हतं, तो मान वर करून म्हणाला, "छान झालंय गं, हौसे. तिला सांगायचं राहिलं. तुला सांगतो."

चार दिवसांनी काठी टेकत टेकत तो जत्रेला गेला. पुढं किती तरी जत्रा केल्या त्यानं. आणि हौसेनं खोबरं मुद्दाम कधी करपवलं नाही बरं का. तशी गरजच पडली नाही. बाजाराच्या दिवशी मामंजी उंबऱ्यावर येऊन बसायचे, बोलणं निघायचं, आणि खोबरं आपोआप करपायचं. पाटा मात्र परत कधी बोलला नाही. त्याला जे विचारायचं होतं ते विचारून झालं होतं.

तर हौसेचं घर तिकडं जेवून तृप्त झालं, आणि तुम्ही इकडं ऐकून तृप्त व्हा. चला, मिटा डोळे. दाद्या, तू त्या कुशीवर हो. सकाळी उठलात की मला सांगा, गोष्ट ऐकून तुम्हाला काय वाटलं. काय गं ठमे, तुला काय वाटलं?

ठमे?

झोपली वाटतं.