पावटे आणि चिंचोके

एखादा मुलूख "आम्हाला वेगळं व्हायचंय" म्हणाला, तर त्याला जाऊ द्यावं का, असं माझ्या लेकीने विचारलं. मी घाईघाईत "नियमात बसत नाही" म्हणून मोकळी झाले, आणि मग डोळ्याला डोळा लागेना. बरोबर सांगितलं, की नुसतं गप्प केलं? सकाळी तिची वेणी घालताना ही गोष्ट सांगितली.

कोणाच्याही पणजोबांनी पाहिलं नसेल इतक्या पूर्वी एक राज्य होतं. अर्धं मैदानात, अर्धं डोंगरात. दोन्हीकडच्या पूर्वजांनी शिळेवर कायदा कोरला होता: 'दोघांच्या संमतीवाचून कोणी वेगळं व्हायचं नाही.'

पुढे रस्ते मैदानात झाले, वैद्य मैदानात बसले. डोंगरावर यायचे ते फक्त हुकूम. शेवटी डोंगरातले लोक म्हणाले, "एकदा एकमेकांना विचारूनच टाकू. राहायचं की निघायचं?"

विचारायची त्यांची रीत जुनी होती. घरातल्या थोरल्या माणसाने फडक्याखाली हात घालून मडक्यात एक बी टाकायची. राहायचं तर पांढरा पावटा, जायचं तर काळा चिंचोका. मग मडक्याचं तोंड मातीने लिंपायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत मोजायचं.

मडकं घडवणारी म्हातारी कुंभारीण मुठीत पावटा घेऊन आली. तिची एकुलती एक लेक मैदानात दिली होती. वेगळं झालं की मध्ये चौकी बसणार, हे तिला कळत होतं.

शेजारी म्हणाला, "आजी, मूठ कशाला झाकताय? लेकीची ओढ तोंडावर दिसतेय."

"तुझ्या तोंडावर काय दिसतंय, ते सांगू का चारचौघांत?" म्हातारी म्हणाली. सगळे हसले.

राजाला खबर लागली. "शिळेचा कायदा मोडला!" तो ओरडला.

न्यायाधीश म्हणाले, "महाराज, एकट्याने वेगळं होणं कायद्याबाहेर आहे. पण विचारण्याबद्दल शिळा काहीच म्हणत नाही. मडकं उघडू द्या."

"आज विचारतील, उद्या निघतील," राजा म्हणाला. माणूस वाईट नव्हता. आपल्या कारकिर्दीत राज्य तुटेल, या भीतीनेच त्याने शिपाई धाडले.

शिपायांनी मडकं फोडलं. आडवे आले त्यांच्या पाठीवर, हातांवर काठ्या बसल्या. बिया अंगणभर पांगल्या. म्हातारी खाली बसून त्या वेचू लागली आणि एकदम थांबली.

"हवालदार, इकडे ये बाळा. मोज."

एकेका चिंचोक्यामागे तीन-तीन पावटे होते.

"आम्ही राहणारच होतो रे," म्हातारी म्हणाली.

हवालदाराने धावत जाऊन राजाला सांगितलं. राजाची मान खाली गेली. "पुन्हा विचारा," तो म्हणाला. "मी अडवणार नाही. जायचं ठरलं, तर मैदानाची संमती मी आणीन."

नवं मडकं आलं. पण या वेळी फडक्याखाली जे हात गेले, त्यांच्यावर वळ होते. दुसऱ्या दिवशी मडकं उघडलं, तर चिंचोकेच चिंचोके, आणि एकच पावटा. तो कोणाचा, हे कोणी विचारलं नाही.

राजाने शब्द पाळला. मैदानाने जड मनाने होकार दिला. सगळं अगदी कायद्याप्रमाणे झालं, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं राज्य दुभंगलं. मधोमध चौकी बसली.

तात्पर्य काय, तर विचारू न देता धरून ठेवलं, की राहायला तयार असलेलाही निघून जातो.

चला, या वेळी तरी नीट सांगितलं, असं मला वाटतंय तोच लेकीने वेणीसकट मान वळवली.

"पण आई, आता लेकीकडे जायचं तर त्या आजीने कोणाला विचारायचं?"