तुंगराजाचा पिंड आणि अर्धी घोंगडी

"मेलेल्या माणसानंही राजाच्या मागं रांग का धरायची?"

बिरूनं हे भटजींना विचारलं, त्यांनी जानवं चाचपलं. पाटलांना विचारलं, त्यांनी मिशी चाचपली. कोतवालानं काठी चाचपली, तेव्हा बिरूनं विचारायचं सोडलं.

झांजडनगरची मातीच जादूची. तिथं माणूस मेला तरी जात नसे. कावळा पिंडाला शिवेपर्यंत तो आपल्या जागेवर बसून राही, धुक्यासारखा आरपार आणि मुका. एरवी दहाव्या दिवशी कावळा शिवायचा अन् माणूस सुटायचा. पण सात वर्षांमागं तुंगराजा मेला आणि त्याच्या पिंडाला काही केल्या कावळा शिवेना. राजानं सिंहासनावरूनच हुकूम सोडला, "माझ्याआधी कुणाच्या पिंडाला शिवेल त्या कावळ्याची खैर नाही!" मेल्यावर वाचा जाते खरी, पण ज्याचं तोंड जिवंतपणी कधी मिटलं नाही, त्याचं मेल्यावर काय मिटणार!

झालं! सात वर्षं सगळं राज्य सुतकात. लग्नं नाहीत, पुरण नाही, पुरुषांच्या दाढ्या गुडघ्याला टेकलेल्या. घरोघरी मेलेले आजे-पणजे खाटा-बाजा अडवून बसलेले. जिवंतांना टेकायला जागा नाही!

बिरूचे दाजी, घोंगड्या विणणारे मायाप्पा सणगर, जाऊन दोन महिने झाले होते. आता ते मागाच्या, पाय सोडायच्या खड्ड्यात बसून, अर्ध्या राहिलेल्या घोंगडीकडं बघत असत. बिरूची थोरली बहीण आक्का रोज त्यांच्यापुढं भाकरी ठेवी. दाजी भाकरीकडं बघत, आक्का दाजींकडं आणि बिरू भिंतीकडं. आईबापांमागं बिरू त्याच खड्ड्याच्या काठावर वाढला होता.

अशात दवंडी आली. "राजाची इच्छा ओळखून जो कावळा शिववील, त्याला राज्य! चुकेल त्याचं मुंडकं!"

"माझी आक्का ओळखील!" बिरू भर चौकात ओरडला.

आक्कानं कपाळावर हात मारला. "मेल्या, मला विचारलंस तरी का?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस!"

दरबारात सिंहासनापुढं पत्रावळीवर पिंड मांडला होता. कावळे वर वाशांवर. आधी प्रधान पुढं झाला. "महाराज, तुमच्या सिंहासनावर बसून तुमचीच कीर्ती वाढवीन!" कावळे मागं सरकले. सेनापती गरजला, "तुमच्या सिंहासनावर बसून दहा राज्यं जिंकीन!" कावळे पार खिडकीत! भटजींनी घाईघाईनं दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला टेकवला.

"गवताचा कावळा?" तुंगराजा खवळला. "मी काय गवताचा राजा आहे? टाका तिघांना बेड्या, मुंडकी उद्या!"

आता पाळी आक्काची. ती काय बोलणार? घरातल्या मुक्या माणसाची इच्छा तिला ओळखता आली नव्हती, ही तर राजाची!

"बोल की गं!" बिरूला दम निघेना. उभं राहून त्याचे पाय दुखले होते. तो सरळ जाऊन सिंहासनाच्या कडेला टेकला.

"ऊठ! ऊठ तिथनं!" राजा असा किंचाळला की कावळे खिडकीतून थेट पिंपळावर गेले.

शिपाई धावले. पण आक्का खुदकन हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच!

"महाराज, सात वर्षांत इथनं एकदा तरी उठलात का?"

"का उठू? माझी जागा आहे!"

"राहू द्या की मग!" आक्कानं पिंडापुढं हात जोडले. "खुशाल जा. तुमच्या सिंहासनावर पुन्हा कुणी बसणार नाही. मीसुद्धा नाही. मी भुईवर बसून राज्य करीन. बसली तर तिथं धूळ बसेल, अन् ती झाडायलासुद्धा कुणी वर चढणार नाही!"

फडफड! कावळा आला आणि घास घेऊन गेला!

तुंगराजा खो खो हसत सुटला. "माझ्या जागेवर डोळा ठेवून मलाच जा म्हणत होते लेकाचे! घे बाई, राज्य तुझं. भुई गार असते हं, खाली काहीतरी घाल!" आणि हसता हसताच विरून गेला.

आक्कानं बेड्या काढायला लावल्या आणि पहिला हुकूम दिला, "कावळ्यांनो, रांग मोडली! भूक लागेल तिथं शिवा!" संध्याकाळपर्यंत घरोघरच्या बाजा रिकाम्या झाल्या. न्हाव्यांना पाणी प्यायला सवड नाही!

पण मायाप्पांच्या अंगणातला कावळा पिंडाकडं बघेना. "तुमच्या मागावर कुणाला बसू देणार नाही," आक्का म्हणाली. कावळ्यानं पाठ फिरवली. राज्य जिंकलेली बाई उंबऱ्यावर मटकन बसली.

"अगं, दाजी काय राजा आहेत का?" बिरू उसळला. "दाजी, घोंगडी मी पुरी करतो! वाकडी झाली तर वरनं शिव्या घाला!"

त्याचं बोलणं संपायच्या आत कावळा शिवला. मायाप्पा तोंडभर हसले, खड्ड्यातून उठले आणि बिरूला जागा करून देत विरून गेले.

बिरू चार दिवस खड्ड्यातून हलला नाही. पाचव्या दिवशी तो घोंगडी खांद्यावर टाकून दरबारात गेला. ती त्यानं रिकाम्या सिंहासनापुढं अंथरली, वाकडी कड मागं केली आणि म्हणाला, "बस आक्का. भुई गार आहे."