दोरी बांधलेला दगड

"मग कळवू का त्यांना, येतो म्हणून?"

सौमित्रने हे विचारलं तेव्हा बुवा बागेतल्या बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होते. त्यांनी नाडी सोडली, पाय मोकळा केला आणि समोर बघत राहिले.

"बुवा, आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय त्यांना. एवढा मोठा महोत्सव..."

"बाग छान आहे रे," बुवा म्हणाले.

बाग छान होतीच. आम्ही जपानच्या सहलीला निघालेली मंडळी. क्योतो शहरात भर रस्त्यावरच्या एका दारातून आत शिरलो, आणि तो रस्ता, त्या गाड्या कुठे गेल्या तेच कळेना. जिकडे बघावं तिकडे हिरवंगार मऊ शेवाळ. बसमध्ये भेंड्या खेळून खेळून घसे बसवून घेतलेली आमची माणसं, तीसुद्धा इथे हळू बोलायला लागली. मला तर त्या बागेला हात जोडावेसे वाटले.

सदानंदबुवा लोटलीकर म्हणजे गाण्यातलं मोठं नाव. पंच्याहत्तरीनिमित्त शिष्यांनी त्यांना सहलीला धाडलं आणि गुडघे दुखतात म्हणून सौमित्रला सोबत दिलं. पोरगा पट्टशिष्य, हुशार. बसमध्ये गायला लागला की तानेमागून तान अशी सुटायची की ड्रायव्हरही आरशातून बघायचा. टाळ्या तर ठरलेल्याच.

बुवा मात्र खिडकीबाहेर बघत बसायचे. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून एकदाही "वा" निघालेलं नाही, हे सौमित्रनेच मला सांगितलं होतं, हसत हसत. ते हसणं काही खरं नव्हतं.

महोत्सवात गायला बुवांनी त्याला मनाई केली नव्हती. फक्त "हो" म्हणत नव्हते. आणि त्यांच्या "हो"शिवाय त्याचा पाय निघत नव्हता.

बाकाच्या जरा पुढे, पायवाटेच्या मधोमध एक दगड ठेवला होता. नारळाएवढा, गोल, काळ्या दोरीने उभा-आडवा बांधलेला. शेजारी एक दगडी कुंडी, आणि तिच्यातलं पाणी खालच्या गोट्यांवर ठिबकत होतं.

सौमित्र वैतागून उठला, दगड ओलांडून पुढे गेला आणि झाडीमागे दिसेनासा झाला. बुवा त्या दिशेला बघत राहिले.

तेवढ्यात आमच्या सहलीतल्या कराडच्या इंदूमावशी आल्या. दगड बघून थबकल्या आणि त्यांनी पायातले बूट काढले.

"अगं बाई, इथं पण देव आहे की!"

डोक्यावर पदर घेऊन त्यांनी दगडापुढे गुडघे टेकले आणि जमिनीला कपाळ लावलं. कुणीतरी खुदकन हसलं. मावशी उठेचनात.

"मावशी, चक्कर आली का?" मी घाबरून विचारलं.

"गप बसा हो. देवाच्या पोटात घंटा वाजतीय."

टूर मॅनेजर पराग धावत आला. "अहो मावशी, देव नाही तो! दोरी बांधलेला दगड म्हणजे इथून पुढे जाऊ नका, एवढाच अर्थ. आणि ती घंटा नाही. त्या गोट्यांखाली मडकं पुरलंय, पालथं, बुडाला भोक असलेलं. आत थेंब पडला की वाजतं."

"असू दे," मावशी बूट घालत म्हणाल्या. "नमस्कार केला तो केला. आता काय परत घेऊ?"

बुवा मोठ्याने हसले. सहलीत पहिल्यांदाच.

सौमित्र परत आला.

"काय आहे रे पलीकडे?"

"काही नाही. खराटे, पाण्याचा पाइप आणि एक हातगाडी."

"कुणी अडवलं नाही?"

"कोण अडवणार? एवढासा तर दगड. लहान मूलही ओलांडेल."

"खरंय. भिंत घालता आली असती त्यांना..." बुवा थांबले. "धर मला. खाली बसायचंय."

बसच्या दोन पायऱ्या चढताना ज्या माणसाचा जीव अर्धा व्हायचा, त्याने सौमित्रच्या खांद्याला धरून त्या दगडापुढे गुडघे टेकले. मग वाकून कान जमिनीला लावला.

आम्ही सगळे जवळ सरकलो.

"वा!" बुवा म्हणाले.

सौमित्रचा चेहरा पांढरा पडला. ज्या एका शब्दासाठी पोरगा झिजला, तो एका थेंबाला मिळाला. मला त्याचं फार वाईट वाटलं.

"बुवा... एकच तर सूर आहे," त्याचा आवाज चिरकला. "तोही कधी लागेल त्याचा पत्ता नाही."

"ऐक."

तो बसला. त्याने कान लावला. थोड्या वेळाने डोकं उचलायला लागला.

"वाजत नाहीये."

बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो पुन्हा वाकला.

...

मग तो आवाज झाला. मीही मागे उकिडवा बसलो होतो, म्हणून ऐकू आला. तांब्याच्या घागरीला नख लागावं तसा, बारीक आणि गोड. तो विरला, आणि मग बराच वेळ काहीच नाही. खरं सांगतो, ते काहीच नसणं मी श्वास धरून ऐकलं.

पुढचा थेंब पडायच्या आत बुवांनी हात काढून घेतला होता. सौमित्र हलला नाही.

"चला, चला! बस लागली!" पराग ओरडला. मंडळी निघाली. मावशींनी मला खूण केली, पण माझा पाय निघेना.

सौमित्र उठला तेव्हा त्याच्या गालावर गोट्यांचे वळ होते आणि डोळे ओले होते. त्याने बुवांना उठवून बाकावर बसवलं. मग खाली बसून त्यांच्या बुटाची नाडी बांधायला लागला.

"बुवा..."

"हं."

"महोत्सवाचं... एवढ्यात नको वाटतंय."

नाडी बांधून झाली. बुवांनी त्या दगडाकडे एकदा पाहिलं.

"मग कळव त्यांना," ते म्हणाले. "येतो म्हणून."