घर सोडण्याआधी

“मग ही विरक्ती नाही तर दुसरं काय आहे, माई?”

अविनाश नेरकर विचारत होते. पाटबंधारे खात्यातले निवृत्त अधीक्षक अभियंता. वय एकाहत्तर, आवाज अजून साहेबाचाच. जळगावहून गाडी करून ते गिरणेकाठच्या छोट्या मठात आले होते.

तुळसामाई ओसरीवर बसून ताक घुसळत होत्या. मठात त्या एकट्याच राहत. ऐंशी कधीच ओलांडली होती.

“आधी नीट सांग,” त्या म्हणाल्या. “काय काय सुटलं?”

“निवृत्त झालो तेव्हा हात सैल होता. काशी केली, कन्याकुमारी केली. नवा सोफा घेतला. आमरसाची जेवणं घातली. तीन-चार वर्षं तसं चाललं. मग एकेक आपोआप कमी होत गेलं. प्रवास बंद. कपडालत्ता नाही, हॉटेल नाही. आज घरखर्च निम्म्याच्याही खाली आलाय.”

“पैसे कमी पडले?”

“छे! पेन्शन उरते. मी काही ठरवून सोडलं नाही, माई. इच्छाच गळून पडली.”

“सगळाच खर्च कमी झाला?”

“औषधांचा तेवढा वाढला.”

“हं... म्हणजे देहाचा वाढला. घराचा घटला.”

नेरकर जरा थबकले. मग मुद्द्यावर आले. “मला मठात राहायला यायचंय. घर बंद करतो. सुलभा, माझी पत्नी, मुलाकडे पुण्याला राहील. तिची हरकत नाही.”

“ती ‘हो’ म्हणाली, का ‘नाही’ म्हणाली नाही?”

“...काही बोलली नाही.”

माईंनी रवी थांबवली. त्यांच्या डोळ्यांत खरंच कुतूहल होतं.

“दूध किती घेता रे घरी?”

नेरकरांना हसू आलं. “अर्धा लिटर.”

“आणि पूर्वी?”

“दोन लिटर.”

“ते वरचं कोण पीत होतं?”

“मुलं होती. आई होती. रविवारी पत्ते खेळायला मित्र यायचे. सुलभाच्या भजनाच्या बायका असायच्या. चहाचं आधण उतरतच नव्हतं.”

“आता?”

“आता कुणी येत नाही.”

“येत नाही, का बोलावत नाही?”

नदीत पाणी नव्हतं. वाळूवर टिटवी ओरडत होती.

“ये मठात,” माई म्हणाल्या. “पण आधी महिनाभर पूर्वीइतकं दूध घे. ओतून टाकायचं नाही, विकायचं नाही.”

“याने काय होईल?”

“मला काय ठाऊक? बघ तर खरं.”

नेरकर आज्ञाधारकपणे दूध घेऊ लागले. सुलभाताई वैतागल्या. “उन्हाळ्याचे दिवस! एवढ्या दुधाचं करू तरी काय? फ्रीजमध्ये बोट ठेवायला जागा नाही.”

शेवटी त्यांनी दह्याचा डबा नवऱ्याच्या हातात दिला. “देवऱ्यांकडे देऊन या.”

गोविंद देवरे मागच्याच गल्लीत राहत. पत्त्यांचे जुने भिडू. ते दारात खुर्ची टाकून बसले होते. नेरकर अगदी समोर उभे राहिले, तरी त्यांनी विचारलं, “कोण?”

“अरे, मी. नेरकर.”

“नेरकर? मला वाटलं, तू पुण्याला गेलास कायमचा!”

देवऱ्यांची नजर गेली होती. नेरकरांना त्याचा पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी नेरकर रिक्षा घेऊन गेले आणि त्यांना घरी चहाला घेऊन आले. मग ते रोजचंच झालं. देवऱ्यांच्या मागोमाग आणखी दोघं आले. पत्ते जमेनात, म्हणून नुसत्या गप्पा. साखर संपू लागली, बिस्किटं संपू लागली. एका शनिवारी सुलभाताईंनी चक्का बांधला आणि श्रीखंडाला भजनाच्या सगळ्या बायकांना बोलावलं.

त्या संध्याकाळी त्यांनी पोथी उघडली आणि लगेच मिटली.

“काय झालं?” नेरकरांनी विचारलं.

“अक्षर लागत नाही. दोन वर्षं झाली. चष्मा बदलायला हवा.”

“मग बोलली का नाहीस?”

सुलभाताई पोथीवरून हात फिरवत राहिल्या.

“खर्च कमी झाला म्हणून तुम्ही किती खुशीत होता...”

सकाळी डोळ्यांचा दवाखाना उघडण्याआधीच नेरकर सुलभाताईंना घेऊन दाराशी उभे होते.

महिना सरल्यावर दोघंही मठात आले. माईंनी सुलभाताईंना जवळ बसवलं. त्यांच्या डोळ्यांवरचा नवा चष्मा अलगद काढला, आपल्या पदराने पुसला आणि पुन्हा चढवला.

“दिसतं ना आता?”

“दिसतं, माई.”

नेरकर खाली बसले. त्यांच्या आवाजातला साहेब कुठेतरी मागे राहिला होता.

“खर्च वाढला, माई. नको तितका वाढला. आणि मला... बरं वाटतंय. मी विरक्त नव्हतोच, एवढं कळलं. पण मग इतकी वर्षं जे कमी होत गेलं, ते काय होतं?”

माई सुलभाताईंकडे वळल्या.

“मागची खोली झाडून ठेवलीय. दोघं राहता आजपासून?”

सुलभाताई गडबडल्या. “आज... आज नाही जमायचं, माई. संध्याकाळी माणसं जेवायला यायचीत. वांगी चिरून ठेवलीत.”

माई तोंडाला पदर लावून हसल्या. नेरकरही हसले. मग एकदम गंभीर झाले.

“पण मला यायचंय, माई. मनापासून यायचंय. मी कधी येऊ?”

माई उठल्या. भिंतीचा आधार घेत दारापर्यंत आल्या आणि दोघांना वाट दाखवत म्हणाल्या,

“रिकामं घर कुणीही सोडेल. घर सोडवेनासं झालं, की ये.”